कोण न्हाई ते सांगा

रत्नाअक्कांनी कधी हजेरी पुकारली नाही. वर्गात यायच्या, पर्स टेबलावर ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि बाकांवरून एकदा नजर फिरवून म्हणायच्या, "शरणप्पा न्हाई, त्याच्यामागची रेश्मा न्हाई, आन् खिडकीजवळचा तो लांबडा न्हाई. बाकी सगळे हायत." झाली हजेरी. आलेल्यांची नावं घेऊन वेळ कामून घालवायचा, ते तर समोर दिसायलेतच की, असा त्यांचा हिशेब. पोरं पाठीमागं त्यांना 'गैरहजेरीबाई' म्हणायची. अक्कांना ते ठाऊक होतं आणि माझ्या मते ते त्यांना आवडतही होतं.

डॉ. रत्नमाला बिरादार. बीदरला आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. माझी माती तपासायची खोली आणि त्यांची जीवाणूंची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती, आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं. त्यामुळं अक्कांबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आणि निम्मं भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. मला त्या 'मातीवाले सर' म्हणत आणि मी त्यांना अक्का. आमच्या भागात वयानं मोठ्या बाईला मॅडम म्हटलं की ती उगीच परकी होते.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष उलटलं. शोकसभेत जो तो त्यांच्या साधेपणावर बोलला. मी गप्प बसलो, कारण मेलेल्या माणसाच्या कौतुकात खोट काढू नये. पण अक्का साध्या नव्हत्या. त्यांना इरकली साडीच लागायची, चहात आलं किसलेलं चालायचं नाही, ठेचलेलंच पाहिजे, आणि वादात हरायचं त्यांच्या जिवावर यायचं. शिपायाशी त्या कानडी बोलत, जीपच्या खाजाभाईंशी दखनी, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की तिन्ही. मात्र एकदा चूक पटली की मग आपल्याच अंगावर अशा तुटून पडायच्या की समोरच्यालाच त्यांची कीव यावी.

नसलेलं माणूस हेरायची ही सवय वर्गापुरती नव्हती. लग्नात फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले, नवरदेवानं हसू आणलं, की मागून आवाज यायचा, "थांबा, धाकट्या काकू न्हाईत." मग काकूंना शोधायला तिघं धावायची आणि काकू जेवणाच्या हॉलमध्ये सापडायच्या. नौबादला त्या राहत त्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर यायचा. सकाळपासून घागरींची रांग लागायची. एकदा अक्कांनी रांगेकडं बघितलं आणि जाहीर केलं, "ओव्हरसियरची घागर न्हाई. कालबी नव्हती. घरात कुणीतरी आजारी पडलंय." गल्लीतल्या कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. अक्कांनी लगोलग ज्वारीची पेज केली, पातेलं पदराखाली धरलं आणि ओव्हरसियरचं दार वाजवलं. निवृत्त ओव्हरसियर ठणठणीत होते. त्यांनी मागच्या अंगणात गुपचूप बोअर मारला होता, पाणी चांगलं लागलं होतं, आणि गल्लीला कळू नये म्हणून दोन दिवस कडी लावून बसले होते. अक्कांच्या समोर बिचाऱ्यांना ती पेज मिटक्या मारत प्यावी लागली. बोअरची बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. ही गोष्ट अक्का स्वतःच सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. पुढं जे झालं ते या पेजेतच शिजत होतं, हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

त्यांचं संशोधन तुरीच्या मुळांवरच्या गाठींवर होतं. त्या गाठींत जीवाणू राहतात, हवेतला नत्र धरतात आणि झाडाला देतात, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. अक्कांचा प्रश्न निराळा होता. आमच्याकडच्या काळ्या रानाला पाऊस हटला की भेगा पडतात. त्या भेगाळलेल्या रानातसुद्धा काही झाडांच्या गाठी जिवंत राहतात. तो जीवाणू तिथं कशाच्या जोरावर तगतो, हे त्यांना शोधायचं होतं.

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूर गावी एका शेतात तशी झाडं होती. आम्ही सगळे जीपनं गेलो होतो. मी मातीसाठी, अक्का आणि त्यांची विद्यार्थिनी अश्विनी गाठींसाठी. शेतकरी बांधावर बसून बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्यानं विचारलं, "बाई, हिरवं झाड कामून उपटायलाव?"

"ह्या गाठीत जनावरं हायत," अक्का खुरप्यानं माती सारत म्हणाल्या.

"दूध देत्यात का?"

"न्हाई. खत देत्यात."

"आन् खात्यात काय?"

"तुमच्या तुरीचं गोड."

शेतकऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे आमच्या म्हशीपरीस बरी." अक्कांनी नखानं एक गाठ फोडून त्याला आतला लालसर रंग दाखवला. हा रंग असला की गाठ कामाची. अश्विनीनं पिशवीवर नाव घातलं. ज्या जीवाणूनं पुढं दोघींची झोप उडवली तो त्या पिशवीत होता.

अश्विनी कलबुर्गी शहरातली. वडील शाळामास्तर, घरी मराठी, शेतीशी संबंध नाही. कमी बोलायची आणि हातानं नेटकी होती. अक्कांच्या तडाख्यात टिकलेली ती पहिलीच विद्यार्थिनी असावी. पीएचडी करत होती आणि घरची सगळी भिस्त तिच्या नोकरीवर होती, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अक्का जे करत होत्या ते मला समजलं ते त्यांच्या शेतात, वेळ अमावस्येला. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्या भागात घरं ओस पडतात. सगळे रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात, आत पाच दगड पांडव म्हणून पूजतात आणि मग जेवायला बसतात. आंबील, उंडे, खीर आणि मुख्य म्हणजे भज्जी. वाल, हरभरा, तुरीचे हिरवे दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली. अक्कांचं शेत हुलसूरला होतं. ते त्यांचे धाकटे भाऊ अप्पा बघायचे. दर वर्षी कॉलेजची जीप भरून आम्ही तिथं जायचो. बोलावणं कुणाला नसायचं. येळवसेला (वेळ अमावस्येला आमच्याकडं असंच म्हणतात) बोलावत नसतात, ज्याला यायचं तो येतो, आणि बांधावरून जाणाऱ्या वाटसरूलाही हाक मारून बसवतात, असा त्या घरचा रिवाज होता.

त्या दिवशी मी पाटावर बसल्या बसल्या विचारलं, "अक्का, तुम्ही हैदराबादला त्या कंपनीकडं सारखं काय पाठवता? आणि ते कोट्यवधी तुकडे वाचून करता काय?"

अक्कांनी भज्जीचा डाव हातात घेतला. "ऐका मातीवाले सर. समजा, आज हुलसूरच्या प्रत्येक घरानं भज्जी करताना एकच जिन्नस वगळला. कुणी वाल, कुणी कोथिंबीर, कुणी मीठ. ज्याची खाण्यालायक झाली त्याचं भांडं रानात राहिलं. न्हाई झाली त्यानं म्हशीपुढं ओतली. संध्याकाळी मी रानभर विचारत हिंडले. वाल वगळलेलं भांडं हाय? हाय. कोथिंबीर वगळलेलं? हाय. मीठ वगळलेलं? एकबी न्हाई. मग काय कळलं?"

"मिठावाचून भज्जी होत नाही."

"व्हय. तसंच हे. उडी मारणारा डीएनएचा एक तुकडा असतोय. तो जीवाणूत सोडायचा. तो जाऊन कुठल्यातरी एका जनुकात घुसतोय आन् ते जनुक मोडतंय. असे लाखो जीवाणू, प्रत्येकाचं काहीतरी एक मोडलेलं. सगळ्यांना एकदम तुरीच्या मुळाशी सोडायचं. मग गाठी फोडायच्या आन् जे जगले त्यांचे तुकडे मशीनकडून वाचून घ्यायचे. प्रत्येक तुकडा नकाशावर आपापल्या जागी ठेवायचा. जिथं तुकडे पडले ती जनुकं मोडली तरी चालतंय. जिथं कोरं राहिलं..."

"तिथं मोडलेले मेले."

"मेले. म्हंजे ते जनुक मिठासारखं. पूर्वी एकेक जनुक मोडून बघायला जलम जायचा. आता सगळ्या गावाची हजेरी एका दमात. आन् हजेरी म्हंजे काय? कोण न्हाई ते सांगा."

एवढं सांगून त्यांनी माझ्या पानात भज्जी वाढली. आयुष्यभर जी सवय थट्टेची झाली होती तीच आता शास्त्र होऊन आली होती. त्या दिवशी अक्का फार खुशीत होत्या.

त्यांच्या त्या नकाशावर एक जागा कोरी सापडली. लांबलचक, डोळ्यांत भरावी अशी कोरी. तिथलं जनुक परदेशातल्या कुणी याआधी वेगळ्याच कारणासाठी नोंदवलेलं होतं. अक्कांनी म्हटलं, हेच ते. भेगाळलेल्या रानात जीवाणू याच्यावरच तगतो. दोघींनी पेपर लिहिला, बाहेरच्या तपासनिसांनी तो वाखाणला, एका चांगल्या नियतकालिकानं तो घेतला. प्रयोगशाळेत पेढे आले, भिंतीपलीकडून माझ्याकडंही आले. अक्कांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. म्हणजे जाता जाता मोठं काम हातून झालं होतं. आणि नेमकी त्याच वेळी कलबुर्गीच्या एका कॉलेजात अश्विनीच्या विषयाची एक जागा निघाली. तिला छापलेला पेपर लागत होता. आमच्या भागात ही जागा पुन्हा कधी निघेल याची कुणालाच खात्री नव्हती.

पेपर छापून यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात अश्विनी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाला लागली. फक्त ते एकच जनुक मुद्दाम मोडायचं आणि गाठी येतात का बघायचं. त्यासाठी आधी ते जनुक पीसीआर करून, म्हणजे त्याच्या लाखो प्रती काढून, उचलावं लागतं. ते उचललं जाईना. उचललं गेलं की जेलवर पट्टा उमटतो, तो उमटेना. भिंतीपलीकडून मला रोज अक्कांचा आवाज ऐकू यायचा. "हात थरथरायलाय का तुझा?" "मसाला जुना हाय का बघ." "नवे प्रायमर मागव." नवे आले, तरी पट्टा नाही. त्याच नळीतून दुसरी जनुकं मात्र लखलखीत येत होती.

एक दिवस अश्विनी हळूच म्हणाली, "मॅडम, ते जनुक आपल्या जीवाणूत नसलंच तर?"

"नसलं तर तो जिवंत कसा राहिला गं?" अक्का कडाडल्या. "आपणच छापायलाव की त्याच्यावाचून तो जगत न्हाई म्हणून!"

मी हातातली मातीची पुडी खाली ठेवली. मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण या वाक्यात काहीतरी गोल फिरतंय एवढं मलाही कळलं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्या दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या खोलीत आल्या. मी चहा दिला तो त्यांनी हातातच धरून ठेवला. "मातीवाले सर," त्या म्हणाल्या, "नकाशा आपला नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. आपल्या जीवाणूचा पूर्ण नकाशा करत बसण्यापेक्षा त्यांनी त्याच्या परदेशी भाऊबंदाचा तयार नकाशा घेतला होता. सगळेच घेतात. त्यावर तुकडे बसवले. ती जागा कोरी राहिली. काल त्यांनी काहीही न मोडलेल्या, मूळच्या जीवाणूचे आधीच वाचून आलेले तुकडे त्या नकाशावर बसवून बघितले. त्याचीही ती जागा कोरीच. कोहिनूरच्या त्या जीवाणूत ते जनुक कधी नव्हतंच.

"पुण्याच्या कुणाच्या कृतीत फरसबी असती," अक्का म्हणाल्या. "मी ती कृती हातात घेऊन हुलसूरच्या रानात हिंडले. फरसबी वगळलेलं भांडं हाय का? एकबी न्हाई. म्हणून लिहून टाकलं, फरसबीवाचून भज्जी होत न्हाई. अहो, आमच्यात फरसबी घालतंय कोण? जे घातलंच न्हाई ते वगळणार कसं?" आणि थोड्या वेळानं, "ओव्हरसियरची पेज पुन्हा केली मी. ह्या येळेला जगाला वाढायला निघाले होते."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय? सकाळीच लिहिलं त्यांना. पेपर मागं घ्यायलाव म्हणून."

"अश्विनीला विचारलंत?"

अक्कांनी चहाकडं बघितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. अश्विनीला ते पत्राच्या प्रतीवरून कळलं, आणि दुपारी भिंतीपलीकडं जे झालं ते मी ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण प्लायवूडला कोण काय करणार? अश्विनीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मागं घ्यायलाच पाहिजे होतं, मॅडम. ते कळतंय मला. पण पेपर माझाबी होता. निदान विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हणली असतीस," अक्का म्हणाल्या. "आन् मग मला तुझं ऐकावं वाटलं असतं."

मला दोघींचंही पटलं, आणि दोघींबद्दलही वाईट वाटलं. खरं बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी जो उभा असतो त्यालाही त्याचं ओझं उचलावं लागतं, हे कुणी सांगत नाही.

कलबुर्गीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. अश्विनी काम सोडून गेली नाही, पण नौबादची खोली सोडून घरी राहायला गेली आणि बसनं येऊन जाऊन करू लागली. कामापुरतं बोलायची. अक्काही कामापुरतं बोलायच्या, जे त्यांच्या स्वभावाला फार जड जात होतं. दोघींनी कोहिनूरच्या जीवाणूचा स्वतःचा पूर्ण नकाशा करून घेतला आणि जुने सगळे तुकडे त्याच्यावर पुन्हा बसवले. आधीच्या वेळी परदेशी नकाशावर कुठंच न बसलेले तुकडे संगणकात 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेले होते. ते आता बसले. आपल्या जीवाणूत जनुकांचं एक जादा छोटं कडं निघालं, परदेशी भाऊबंदात नसलेलं. आणि त्या कड्यावर एक छोटीशी जागा कोरी होती.

अक्कांनी यावेळी आनंद केला नाही. "आधी मूळच्यात बघ," त्या म्हणाल्या. अश्विनीनं पीसीआर लावला. पट्टा उमटला, चांगला ठसठशीत. मग अक्कांनी ती गोष्ट मान्य केली. "हाय. आता न्हाई म्हणायला हरकत न्हाई." त्यानंतर वर्गातही त्या नवं वाक्य बोलू लागल्या: आधी हाय म्हणा, मग न्हाई म्हणा. एखादं पोरगं वर्गात दिसलं नाही तर शेजारच्याला विचारायच्या, "त्यानं ह्या वर्षी नाव तरी घातलंय का?" पोरांना त्यातलं काही कळायचं नाही.

नवा पेपर आधीच्यापेक्षा लहान जागी, पण छापून आला. अश्विनीला पदवी मिळाली. तिच्या तोंडी परीक्षेनंतर ती अक्कांच्या पाया पडली, अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढंच झालं. ती कलबुर्गीला एका लहानशा खासगी कॉलेजात लागली. अक्का निवृत्त झाल्या आणि हुलसूरला भावाकडं शेतावर राहायला गेल्या.

त्यानंतरच्या वेळ अमावस्येला आम्ही जीपनं गेलो तेव्हा अश्विनी नव्हती. अक्कांनी पानावर बसलेल्यांवर नजर फिरवली आणि त्या बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षीही तेच झालं. त्या वर्षी अक्का बऱ्याच खंगल्या होत्या. चष्मा मात्र कपाळावरच होता. अप्पांनी कोपीत नैवेद्य दाखवला, पानं मांडली. अक्कांनी नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. मला भूक न्हाई."

जेवणं झाली. लोक बांधाबांधानं पांगले. मी अक्कांच्या शेजारी कडब्यावर बसलो. त्यांनीच विषय काढला. "पोरगी अजून रागातच हाय. तिची हाकनाक नोकरी गेली माझ्यापायी. तिनं न्हाई आलेलंच बरं. मी तिच्या जागी असते तर मीबी आले नसते."

मी सहज विचारलं, "तुम्ही बोलावलं होतं का तिला?"

"येळवसेला कुणी बोलावतंय का?"

"तुमच्यात नाही बोलावत. पण ती कलबुर्गीची, अक्का. शेत नाही, शिवार नाही. इतकी वर्षं ती आली ती कॉलेजच्या जीपमधून. आता ती कॉलेजात नाही. जीप तिच्या दारात जात नाही. तिला कसं कळावं की न बोलावता यायचं असतं?"

अक्कांनी कपाळावरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. असं करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"म्हंजे ह्याबी खेपेला," त्या सावकाश म्हणाल्या, "नाव घातलंय का, ते बघितलंच न्हाई मी."

त्यांनी फोन घेतला. नंबर त्यांना पाठ होता. मी उठून जायला निघालो तर हातानं खाली बसवलं. पलीकडं अश्विनीनं उचलला असावा, कारण अक्का एकदम म्हणाल्या, "जेवलीस का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मी न्हाई जेवले. आज येळवस हाय. ये." मग थोडं थांबून, "मी तवाबी विचारलं न्हाई तुला. आन् हे दोन वर्षंबी बोलावलं न्हाई. चूक झाली अश्विनी. दोन्ही खेपेला माझीच." मला समोरच्या तुरीकडं बघावं लागलं.

पलीकडून काही शब्द ऐकू आले. अक्कांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"बस बघते म्हणली."

कलबुर्गीहून हुलसूर म्हणजे जवळ नाही. मधे बसवकल्याणला गाडी बदलावी लागते. अप्पा म्हणाले, "अक्का, दोन घास खाऊन घे, तोवर रात पडंल." अक्कांनी भज्जीचं एक भांडं झाकलं, वर ताट उपडं घातलं आणि कोपीच्या तोंडाशी रस्त्याकडं तोंड करून बसल्या. उन्हं उतरली. आम्हाला बीदरला परतायचं होतं. मी निरोप घेतला तर त्यांनी मान हलवली, नजर रस्त्यावरून काढली नाही.

हुलसूरच्या बसस्टँडपाशी खाजाभाईंनी जीप हळू केली. एक बस नुकतीच रिकामी होत होती. तिच्यातून अश्विनी उतरली, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा. आम्हाला बघून ती धावतच आली. नमस्कार वगैरे काही नाही. "सर, मॅडम जेवल्या का?"

मी म्हटलं, "नाही."

खाजाभाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. "बैठो बेटी," म्हणाले आणि जीप वळवली.

शेतापाशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मी जीपमधून उतरलो नाही. अश्विनी बांधावरून चालत गेली. कोपीच्या तोंडाशी अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चष्मा डोळ्यांवर घातला आणि तिला नीट बघून घेतलं. मग आत तोंड करून त्यांनी भावाला हाक मारली. समोर असलेल्या माणसाचं नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी ते घेतलं.

"अप्पा, दोन ताटं घे. अश्विनी हाय."